मधमाशांचे अंध अभ्यासक : फ्रान्स्वा ह्यूबर

वाशीम जिल्ह्यांत, पूर्णा-अकोला लोहमार्गावर, जऊळका नांवाचें गांव आहे. त्या बाजूच्या शेतकऱ्याला मधमाशांची ओळख करून द्यावी लागत नाहीं. उंच झाडाच्या आडव्या फांदीला लोंबणारें आग्या माशांचें मोठें मोहोळ, झुडपांतील फुलोरी माशीचें लहानसें पोळें, आणि जुन्या झाडाच्या ढोलींत किंवा पडक्या भिंतीच्या पोकळींत एकामागें एक पोळीं लावून राहणारी सातेरी माशी, ह्या जाती खेड्यांतील मुलासही ठाऊक असतात. मोहोळ झाडावयाचें तें बहुधा रात्रीं. टेंभ्याच्या धुरानें माशा हांकलाव्या, पोळें कापावें, मध पिळून घ्यावा आणि चोथा टाकून द्यावा, अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु त्या चोथ्यांत जी कारागिरी चिरडली जाते, ती किती जणांनीं निरखून पाहिली असेल?

पोळ्याचा एक तुकडा उजेडांत धरून पाहावा. सहा कोनांचीं लहान लहान घरें एकास एक लागून, जणूं काय एकाच मापानें आंखलेलीं दिसतात. त्यांच्या भिंती कागदाहूनही पातळ असतात. हें सर्व काम सातेरीसारख्या माशा ढोलीच्या गाढ अंधारांत करितात. त्यांच्यापाशीं दोरी नाहीं, गज नाहीं, आणि वरून देखरेख करणारा मिस्त्रीही नाहीं. हें काम कसें होतें, हें ज्यांनीं जगाला प्रथम नीट समजावून सांगितलें ते गृहस्थ स्वतः दोन्ही डोळ्यांनीं अंध होते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांत योनाथान आपल्या काठीचें टोंक मधाच्या पोळ्यांत बुचकळून मध चाखतो आणि त्याच्या डोळ्यांस तेज येतें, ही कथा आपण मंडळींत वाचतों. ह्या गृहस्थांच्या डोळ्यांस तेज कधीं आलें नाहीं. तथापि त्यांच्या योगानें पुष्कळांचे डोळे उघडले. त्यांचें नांव फ्रान्स्वा ह्यूबर. त्यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

ह्यूबर यांचा जन्म ता. २ जुलै १७५० रोजीं जिनीव्हा शहरीं झाला. हें शहर आज स्वित्झर्लंड देशांत मोडतें. सोळाव्या शतकांत कॅल्विन यांनीं जेथें उपदेश केला व जेथून सुधारलेल्या मंडळीचें शिक्षण दूरवर पसरलें, तेंच हें शहर होय. ह्यूबर यांचे वडील ज्याँ ह्यूबर हे चित्रकार होते. कात्रीनें कागद कापून माणसांच्या छायाकृति करण्यांत त्यांचा हातखंडा असे, आणि शिकारी पक्ष्यांच्या उडण्याचें निरीक्षण करून त्यांनीं त्यावर लिहिलेंही होतें. डोळ्यांनीं नीट पाहणें हें त्या घराण्याचें जणूं वतनच होतें. अशा घरांतील मुलाची दृष्टि जावी, हें दुःख किती मोठें असेल ह्याची कल्पना आईबापांसच येईल.

मुलगा बुद्धिमान व वाचनाचा वेडा होता. सुमारें पंधराव्या वर्षीं त्याचे डोळे अधू होऊं लागले. वडिलांनीं त्याला पॅरिस शहरीं मोठ्या वैद्यांकडे नेलें. प्रकृति सुधारावी म्हणून तेथील एका खेड्यांत त्याला शेतकऱ्याप्रमाणें ठेवण्यांत आलें. तेथें तो नांगर धरावयास शिकला, आणि खेड्यांतील साध्या माणसांविषयीं त्याच्या मनांत जें प्रेम उत्पन्न झालें तें जन्मभर टिकलें. शरीर सुधारलें, परंतु डोळ्यांच्या वैद्यानें आशा नाहीं असें सांगितलें. हळूहळू उरलेला प्रकाशही मावळला.

ह्याच सुमारास त्यांची मारी एमे ल्यूलिन नांवाच्या मुलीशीं ओळख झालेली होती, व दोघांचाही विवाह करण्याचा निश्चय झाला होता. मुलीचे वडील शहराच्या मुख्य अधिकाऱ्यांपैकीं होते. आंधळ्या माणसास आपली मुलगी देण्यास त्यांनीं साफ नकार दिला. मुलीनें बापाचा अपमान केला नाहीं आणि आपला शब्दही मोडला नाहीं. त्या शहराच्या कायद्याप्रमाणें पंचविसावें वर्ष पूर्ण होईपर्यंत ती थांबली, आणि मग १७७६ सालीं तिनें ह्यूबर यांच्याशीं विवाह केला. पुढें सुमारें चाळीस वर्षें मारीबाई आपल्या पतीसाठीं वाचीत, लिहीत आणि त्यांच्या डोळ्यांचें काम करीत राहिल्या. त्या जिवंत होत्या तोंपर्यंत ह्यूबर यांस आपल्या अंधत्वाचें ओझें फारसें जाणवलें नाहीं, असें त्यांना ओळखणारे लोक सांगत.

ह्यूबर यांच्या घरीं फ्रान्स्वा बर्नेन्स नांवाचे एक तरुण नोकर होते. ते व्हो प्रांतांतील एका खेड्यांतील शेतकरी कुळांत जन्मले होते. शाळेचें शिक्षण बेताचेंच होतें. धन्यास पुस्तकें वाचून दाखविणें हें त्यांचें काम. वाचतां वाचतां फ्रेंच विद्वान रेओम्यूर यांनीं मधमाशांविषयीं लिहिलेला ग्रंथ हातीं आला. त्यांतील प्रयोग आपणही करून पाहावे, अशी इच्छा ह्यूबर यांच्या मनांत उत्पन्न झाली. प्रथम हेतु एवढाच होता कीं, नोकर खरोखर किती बारकाईनें पाहतो ह्याची परीक्षा व्हावी. बर्नेन्स यांनीं जें पाहिलें तें ग्रंथांत लिहिल्याशीं जुळलें. तेव्हां ग्रंथांत नसलेल्या गोष्टींकडे वळण्याचें धैर्य धन्यास आलें.

त्यांच्या कामाची पद्धति अशी होती. ह्यूबर प्रश्न ठरवीत, प्रयोगाची मांडणी सांगत. बर्नेन्स पाहत आणि जसें दिसलें तसें सांगत. मग ह्यूबर उलटसुलट प्रश्न विचारीत. उत्तरांत कोठें अंदाज शिरला आहे असें वाटलें तर तीच गोष्ट पुन्हा पाहावयास लावीत. कधीं मारीबाईंकडून वेगळें पाहून घेत आणि दोघांची साक्ष ताडून पाहत. जें नोकरास दिसलें नाहीं तें दिसलें असें म्हणण्याचा मोह बर्नेन्स यांस झाला नाहीं, आणि जें आपल्या तर्काविरुद्ध आलें तें टाकून देण्याचा मोह ह्यूबर यांस झाला नाहीं. एकदां कामकरी माशांपैकीं कांहीं अंडीं घालतात कीं काय, हें पाहावयाचें होतें. बर्नेन्स यांनीं पोळ्यांतील एक एक माशी हातांत धरून तपासली. नांग्यांची पर्वा केली नाहीं. हें काम अकरा दिवस चाललें, आणि त्या काळांत त्यांनीं विश्रांति जवळ जवळ घेतलीच नाहीं.

मधमाशांच्या घरांत पाहावयाचें कसें, हीच मोठी अडचण होती. सातेरीप्रमाणेंच युरोपांतील माशीही अंधाऱ्या पोकळींत एकास एक समांतर पोळीं बांधते, त्यामुळें आंतील पोळीं बाहेरच्यांच्या आड राहतात. ह्यूबर यांनीं एक नवी पेटी तयार करविली. तींत लांकडाच्या उभ्या चौकटी बिजागरीनें एकत्र जोडल्या होत्या, आणि प्रत्येक चौकटींत एकेक पोळें असे. ग्रंथाचीं पानें उलटावीं त्याप्रमाणें ह्या चौकटी उघडून पोळ्याची प्रत्येक बाजू पाहतां येई. माशा मारण्याची किंवा पोळें तोडण्याची गरज पडत नसे. अंध मनुष्यानें जगाला दिलेला हा ग्रंथ सगळ्यांनीं वाचावा असाच होता. राणीमाशीचा नराशीं संयोग घरांत होत नसून बाहेर आकाशांत उडतांना होतो, ही शतकानुशतकें लपलेली गोष्ट १७८८ सालीं त्यांच्या निरीक्षणांतूनच सिद्ध झाली. हे शोध त्यांनीं जिनीव्हाचेच पंडित शार्ल बॉने यांस पत्रांनीं कळविले, आणि १७९२ सालीं तीं पत्रें पुस्तकरूपानें छापून निघालीं. बॉने यांचीही दृष्टि अधू झालेली होती.

आतां पोळ्याच्या बांधणीकडे वळूं. हें कोडें ह्यूबर यांच्या पूर्वीं फार जुनें होतें. सुमारें चौथ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील गणिती पॅपस यांनीं माशा सहा कोनांचींच घरें कां पसंत करितात ह्याचा विचार केला होता. वाचकांनीं स्वतः करून पाहावें. एक नाणें पाटावर ठेवावें आणि त्याभोंवतीं तशींच नाणीं लावावीं. बरोबर सहा नाणीं घट्ट बसतात. पांचच लावलीं तर जागा उरते आणि सातवें मावत नाहीं. परंतु गोल नाण्यांमध्यें तिकोनी फटी राहतात, आणि तेवढी जागा फुकट जाते. फट न ठेवतां सगळी जागा भरून टाकतील अशा, सर्व बाजू व सर्व कोन सारखे असलेल्या आकृति तीनच आहेत : त्रिकोण, चौकोन आणि षट्कोन. आतां समजा, सारख्या क्षेत्रफळाच्या पुष्कळ खोल्यांची एक मोठी चाळ बांधावयाची आहे, आणि शेजारशेजारच्या खोल्यांची भिंत सामाईक आहे. चौकोनी खोल्यांना जर १०० हात भिंत लागली, तर तेवढ्याच त्रिकोणी खोल्यांना सुमारें ११४ हात लागेल. आणि षट्कोनी खोल्यांचें काम सुमारें ९३ हातांत भागेल. माशीची भिंत मेणाची आहे, आणि एक किलो मेण होण्यास कित्येक किलो मध खर्ची पडतो. तेव्हां भिंतीची बचत म्हणजे अन्नाचीच बचत होय.

घराचा तळ तर ह्याहूनही नवलाचा आहे. तो सपाट नसतो. तीन समभुज चौकोनी तुकडे एका टोंकाशीं मिळून उथळ खळगा होतो. पोळ्याच्या दोन्ही बाजूंस घरें पाठीस पाठ लावून असतात; एका बाजूच्या घराच्या तळाचे तीन तुकडे पलीकडील तीन वेगवेगळ्या घरांच्या तळांतही असतात. म्हणजे एकच तुकडा दोघां शेजाऱ्यांच्या उपयोगीं पडतो. १७१२ सालीं माराल्डी ह्या विद्वानानें ह्या तुकड्यांचे कोन १०९ अंश २८ कला आणि ७० अंश ३२ कला असे दिले. तीन तुकड्यांचा असा तळ कमींत कमी मेणांत व्हावा तर कोन केवढे असावे, हा प्रश्न रेओम्यूर यांनीं कोनिग नांवाच्या गणित्यास घातला. १७३९ सालीं त्यांचें उत्तर आलें, त्यांत केवळ दोन कलांचें अंतर होतें. पुढें १७४३ सालीं स्कॉटलंड देशाचे मॅक्लॉरिन यांनीं तेंच गणित पुन्हा करून दाखविलें कीं, खरें उत्तर १०९ अंश २८ कला हेंच आहे.

असें असलें तरी घर कसें असावें एवढेंच गणितानें सांगितलें. माशी तें कसें बांधते, हें कोणीं पाहिलें नव्हतें. एवढेंच नव्हे, तर मेण कोठून येतें ह्याविषयींही मोठी चूक चालत आली होती. माशा पायांवर जो पराग वाहून आणतात त्याचेंच मेण होतें, असें मोठमोठे पंडित समजत. ह्यूबर यांनीं नवीन झुंडीच्या माशा रिकाम्या पेटींत घालून कोंडून ठेवविल्या आणि त्यांस केवळ मध व पाणी दिलें. थोड्याच दिवसांत त्यांनीं पांढरीं शुभ्र पोळीं बांधलीं. तीं काढून घेतलीं, पुन्हा मधच दिला. त्यांनीं पुन्हा बांधलीं. साखरेच्या पाकावरही तसेंच झालें. उलट ज्यांस केवळ पराग व फळें दिलीं त्यांनीं मेणाचा कणही केला नाहीं. अशा रीतीनें सिद्ध झालें कीं, मेण हें बाहेरून आणलेलें नसून माशीच्या स्वतःच्या शरीरांत गोड अन्नापासून होतें, आणि पोटाच्या खालच्या अंगास बारीक पापुद्र्यांच्या रूपानें बाहेर येतें. इंग्लंडांत जॉन हंटर यांनींही १७९२ सालीं हे पापुद्रे पाहिले होते. माशीच्या पोटाखालीं मेणाच्या ग्रंथींच्या चार जोड्या असतात, हें आज सर्वांस ठाऊक आहे.

बांधणी पाहण्यास मात्र आणखी एक अडथळा होता. माशा पोळें वरून खालीं बांधतात, आणि बांधतांना एकमेकींच्या पायांस धरून दाट साखळ्या करून लोंबतात. त्या पडद्याआड काय चाललें आहे हें दिसत नाहीं. ह्यूबर यांनीं युक्ति केली. माशांना गुळगुळीत कांचेवर पोळें लावणें आवडत नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. म्हणून त्यांनीं पेटीचें छत कांचेचें केलें. तेव्हां माशांनीं खालून वर बांधावयास आरंभ केला, आणि काम उघड्यावर आलें.

मग ह्यूबर यांच्या सहाय्यकांनीं जें पाहिलें तें असें. प्रथम एकच माशी पुढें येते व आपल्यापुरती जागा मोकळी करून घेते. पोटाखालचा मेणाचा पापुद्रा मागच्या पायानें काढून ती तोंडाशीं नेते, चावून लाळेनें मऊ करिते आणि पायाच्या जागेवर लावते. तिच्यामागून दुसरी, दुसरीमागून तिसरी, अशा माशा येऊन त्याच ठिकाणीं मेण लावितात, आणि एक लहानशी उभी भिंत तयार होते. तोंपर्यंत घर कोठेंच नाहीं. केवळ मेणाचा गोळा आहे. नंतर दुसऱ्या माशा येऊन त्यांत कोरूं लागतात. एका बाजूस एक खळगा कोरला जातो. पाठीमागच्या बाजूस दोन खळगे असे कोरले जातात, कीं त्या दोहोंमधील कंगोरा पहिल्याच्या बरोबर मध्यावर येतो. ह्या एकाच मांडणीमुळें दोन्ही बाजूंचे तळ एकमेकांत गुंततात. खळग्याची कड प्रथम गोलसर असते. मग ती हळूहळू सरळ होऊन कोन उमटतात, आणि शेवटीं सहा भिंती उंच होत जातात. आधाराला लागून असलेली पहिली ओळ सहा कोनांची नसून पांच कोनांची असते, हेंही त्यांनीं ओळखलें. आणि पुढील सर्व ओळी त्या पहिल्या ओळीच्या आधारानेंच आकारास येतात. कोणतीही एक माशी एक घर आरंभापासून शेवटापर्यंत बांधीत नाहीं. एक थोडें मेण ठेवून जाते, दुसरी थोडें खरडते, तिसरी कड नीट करिते. सगळें पोळें कोणाच्याही दृष्टीपुढें नसतें, तरी तें पुरें होतें.

आणखी एक प्रयोग फार प्रसिद्ध आहे. माशा ज्या दिशेनें पोळें वाढवीत होत्या तिच्या समोर ह्यूबर यांनीं कांच उभी करविली. पोळें कांचेपर्यंत पोहोंचण्यापूर्वींच माशांनीं तें काटकोनांत वळविलें आणि लांकडाच्या बाजूकडे नेलें. वळणावर बाहेरच्या अंगाचीं घरें मोठीं व आंतल्या अंगाचीं लहान करून त्यांनीं जोड साधली. दुसऱ्या एके वेळीं हिंवाळ्यांत एक पोळें तुटून खालीं पडलें. माशांनीं तें खालींच मेणानें बांधून स्थिर केलें, आणि न पडलेल्या पोळ्यांचे वरचे बांधही अधिक बळकट केले. यावरून ह्यूबर यांच्या लक्षांत आलें कीं, माशी एकाच सांच्यांतून घरें काढणारें यंत्र नव्हे. प्रसंग पाहून ती काम बदलते.

येथें सत्यासाठीं कांहीं गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण देवाच्या कृतीचा गौरव वाढविण्यासाठीं अतिशयोक्तीची गरज नसते. प्रत्यक्ष पोळ्यांत सर्व घरें गणिताबरहुकूम तंतोतंत नसतात. मापांत व कोनांत थोडा थोडा फरक आढळतो. सारख्या क्षेत्रफळाच्या सर्व मांडण्यांत षट्कोनालाच कमींत कमी भिंत लागते, हें पॅपस यांच्या काळापासून लोक मानीत होते. परंतु त्याचा पुरा सिद्धांत अमेरिकन गणिती टॉमस हेल्स यांनीं १९९९ सालीं मांडला. उलट, तळाच्या बाबतींत हंगेरीचे फेयेश टोट यांनीं १९६४ सालीं दाखविलें कीं, माशीच्या तळाहून किंचित्‌ कमी मेण लागेल असा दुसराही एक आकार आहे; बचत मात्र शेंकडा अर्ध्याहूनही कमी आहे. ह्यूबर यांचीही एक चूक झाली. मेण करणाऱ्या माशा व पिलें सांभाळणाऱ्या माशा ह्या दोन निराळ्या जाती आहेत, असें त्यांना वाटलें. विसाव्या शतकांत सिद्ध झालें कीं, कामकरी माशी एकच. वयाप्रमाणें तिचें काम पालटत जातें. परंतु त्यांचीं मुख्य निरीक्षणें टिकलीं. १८५९ सालीं चार्लस डार्विन यांनीं पोळ्याच्या बांधणीचा विचार केला, तेव्हां त्यांनाही ह्या अंध माणसाच्या ग्रंथाचा आधार घ्यावा लागला.

बर्नेन्स १७९५ च्या सुमारास आपल्या मुलखांत परत गेले. तेथील लोकांनीं त्यांची योग्यता जाणून त्यांच्यावर सार्वजनिक अधिकाराचें काम सोंपविलें. ह्यूबर यांनीं आपल्या ग्रंथांत ह्या नोकराचें ऋण उघडपणें मान्य केलें आहे. त्याचें श्रेय आपल्या नांवावर चढविलें नाहीं. पुढें मारीबाई आणि पुत्र पिएर हे त्यांचे डोळे झाले. पिएर यांनीं मुंग्यांविषयीं स्वतंत्र ग्रंथ लिहून कीर्ति मिळविली. त्यांच्याच मदतीनें १८१४ सालीं ह्यूबर यांच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ति दोन भागांत निघाली. मेणाचे व पोळ्याच्या बांधणीचे शोध त्यांतील दुसऱ्या भागांत आहेत.

ह्यूबर स्वभावानें आनंदी होते. त्यांस संगीताची आवड होती. बागेंत दोऱ्या ताणून ठेवलेल्या असत. त्यांच्या आधारानें ते एकटे फिरत. पत्नीच्या मरणानंतर ते लोझान शहरीं आपल्या मुलीजवळ राहिले, आणि १८३१ सालच्या डिसेंबर महिन्यांत, वयाच्या ८१ व्या वर्षीं, मरण पावले. वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनीं ब्राझील देशांतील झाडांच्या एका कुळीस त्यांचें नांव दिलें आहे.

त्यांच्या श्रमांचें फळ आपल्यापर्यंत आलें आहे. अमेरिकेंतील लोरेन्झो लँगस्ट्रॉथ हे एका प्रॉटेस्टंट मंडळीचे पाळक होते. त्यांनीं ह्यूबर यांचा ग्रंथ वाचला आणि १८५१ सालीं सुट्या चौकटींची पेटी शोधून काढली. चौकटींच्या भोंवतीं एक सेंटिमीटरच्या आंत बेताची मोकळी जागा ठेवली तर माशा ती मेणानें भरीत नाहींत, एवढ्या लहान गोष्टीवर ती पेटी उभी आहे. हिंदुस्थानांत त्रावणकोर संस्थानांतील मार्तंडम येथें यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या ग्रामकेंद्रानें १९२४ नंतरच्या काळांत गरीब कुटुंबांस मधमाशा पाळावयास शिकविलें. महाराष्ट्रांत महाबळेश्वरच्या डोंगरांत हा धंदा वाढला, आणि १९६२ सालीं पुण्यास मधमाशांच्या संशोधनाची केंद्रीय संस्था निघाली. सातेरी माशी पेटींत राहते. तिच्या चौकटी उचलून मध काढतां येतो, आणि पिलें व घरें जशींच्या तशीं राहतात. आग्या माशी पेटींत राहत नाहीं. परंतु तिचेंही सगळें मोहोळ जाळण्याची गरज नसते. मधाचा भाग तेवढा कापून घेऊन पिलांचा भाग राखला तर मोहोळ जगतें. करडई, तीळ आणि बियाण्याचा कांदा ज्यांच्या शेतांत फुलतो त्यांनीं हें ध्यानांत धरावें, कारण फुलांस फळ येण्यांत ह्या माशांचा मोठा हात आहे.

परंतु आम्हांस ह्या चरित्रांतून दुसरीच एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. ह्यूबर यांनीं पोळ्याचा खळगा कधीं स्वतः पाहिला नाहीं. जें त्यांना कळलें तें साक्षीवरून कळलें. तथापि त्यांनीं साक्ष डोळे मिटून स्वीकारली नाहीं. विचारली, ताडली, पुन्हा पाहावयास लावली, आणि मग तिच्यावर सगळें आयुष्य उभें केलें. आपणही प्रभूस डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं. थोमाला जखमा दिसल्या. आपणांस प्रेषितांची साक्ष मिळाली आहे. न पाहतां विश्वास ठेवणें म्हणजे न विचारतां विश्वास ठेवणें नव्हे. म्हणून खेड्यांतील नव्या बंधूनें प्रश्न विचारला तर उपदेशकानें रागावूं नये. ह्यूबर यांनीं बर्नेन्स यांस हजार प्रश्न विचारले; त्यानें दोघांमधील विश्वास कमी झाला नाहीं, उलट वाढला.

आणि साक्ष देणाऱ्यावरही मोठा भार आहे. बर्नेन्स यांनीं एकदांही न पाहिलेलें पाहिलें म्हणून सांगितलें असतें, तर अंध धन्याचें सगळें बांधकाम ढांसळलें असतें. जो उपदेशक निरक्षर बहिणीस शास्त्र वाचून दाखवितो, तो तिच्या डोळ्यांचें काम करितो. त्यानें आपल्या पदरचें घालूं नये, अवघड भाग गाळूं नये, आणि आपल्या अनुभवास तिखटमीठ लावूं नये. ती त्याच्या वाचण्यावर आपला जीव टाकीत आहे.

आपल्या मंडळ्यांतूनही आंधळे बंधुभगिनी आहेत. देवळाच्या कोपऱ्यांत त्यांना बसवून ठेवणें आणि सणासुदीस चार पैसे देणें एवढ्यावर आपलें कर्तव्य संपतें असें आपण समजतों. त्यांच्या मनांत कोणता प्रश्न आहे, हें त्यांना कोणीं कधीं विचारलें आहे काय? कोणी एक मारीबाई, कोणी एक बर्नेन्स, रोज तासभर त्यांच्यापाशीं बसून वाचील, तर त्यांच्या हातून काय होईल हें आज कोणास सांगतां येणार नाहीं. अंधारांत एक माशी थोडेंसें मेण ठेवून जाते. घर कोणासाठीं व केवढें होणार आहे, हें तिला दिसत नाहीं. तें ज्याला दिसतें त्याच्यावर भाव ठेवून आपणही आपला वांटा त्या जागीं ठेवावा.